भाव कुठे सुटतो: बस्ता, सोनं आणि परदेशातला बाजार

प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात मुलीचं लग्न आहे, बस्ता मुंबईतच बांधायचा आहे. लग्न पार पडलं की घरची मंडळी बँकॉक आणि इस्तंबूलला जाणार आहेत. दोन्हीकडे भाव कसा करायचा, आणि ‘सांगतील त्याच्या अर्ध्यात मागावं’ हे खरं का?

अर्ध्यात मागायचा सल्ला आधी डोक्यातून काढा. लिंकिंग रोडच्या किंवा कुलाबा कॉजवेच्या फुटपाथवर पहिला आकडा कधी कधी तिपटीचा असतो. तिथे अर्ध्यात मागितलंत तर तुम्हीच जास्त देऊन बसता. उलट दादरच्या साडीच्या दुकानात अर्ध्यात मागितलंत की सेल्समन समोरच्या घड्या आवरायला लागतो आणि आतला चांगला माल काढतच नाही. विकणाऱ्याच्या हातात सोडायला किती आहे, त्यावर भाव उतरतो. ते प्रत्येक मालात वेगळं असतं, म्हणून सूट कशात दडली आहे हे तोंड उघडण्याआधी माहीत हवं.

पाकीटबंद माल सर्वात सोपा. रुखवतातला कुकर, मिक्सर, डिनर सेट यांवर छापलेली एमआरपी ही सगळे कर धरून कमाल किंमत असते. त्यावर एक रुपयाही जास्त घेता येत नाही. कमी घ्यायला कुणाची ना नसते. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास किंवा लोहार चाळीत अशा वस्तू एमआरपीच्या खालीच विकल्या जातात. तेव्हा ‘कमी होईल का’ हा प्रश्नच नको. ‘यावर किती टक्के सोडता?’ असं विचारा आणि तोच मॉडेल नंबर सांगून शेजारच्या दोन दुकानांत विचारा. मॉडेल नंबरातलं शेवटचं अक्षर बदललं तरी वस्तू वेगळी असते, ते नीट लिहून घ्या. कुणी एमआरपीपेक्षा जास्त मागितलं तर बिल घ्या आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा.

आता कापड. बस्त्यातला मोठा पैसा इथे जातो आणि फसायला जागाही इथेच जास्त.

मंगळदास मार्केटात मीटरचा भाव ऐकला की आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. समजा एका दुकानात ४४ इंची पन्ह्याचं कापड १२० रुपये मीटर आहे आणि दुसऱ्यात तेच ५८ इंची पन्ह्याचं १५० रुपये. ऐकायला पहिलं स्वस्त. पण पन्ह्याच्या प्रत्येक इंचामागे पहिल्याला २ रुपये ७३ पैसे पडतात आणि दुसऱ्याला २ रुपये ५९ पैसे. शिवाय रुंद पन्ह्यात कुर्त्याच्या बाह्या अंगाशेजारीच निघतात, कापड कमी लागतं. दुसरं म्हणजे भाव मीटरचा आहे की वाराचा. वार म्हणजे ९१ सेंटिमीटर. वाराचा भाव मीटरचा समजून घासाघीस करत बसलात तर नऊ सेंटिमीटर सुरुवातीलाच गेलेले असतात. हे दोन्ही कळल्यावर मीटरमागे पाच-दहा रुपये कमी करून घेणं अवघड नाही. मात्र मीटर मोजायच्या आधी बोला. कात्री लागली की भाव संपला. ताग्याच्या शेवटी उरलेल्या तुकड्यावर चांगली सूट मिळते. तुम्हाला अडीच मीटर हवंय आणि ताग्यात दोन मीटर ऐंशी उरलंय, तर ‘सगळा तुकडा घेतो, अडीचचे पैसे लावा’ असं सांगा. तीस सेंटिमीटरची चिंधी त्यालाही नको असते.

साडीच्या दुकानात चिठ्ठीकडे बघा. बऱ्याच जुन्या दुकानांत छापील किमतीशेजारी दोन-चार अक्षरं लिहिलेली असतात. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द ठरवायचा, प्रत्येक अक्षराला एक आकडा द्यायचा आणि त्या अक्षरांत खरेदीची किंमत लिहायची, अशी ती पद्धत. ती उलगडत बसू नका, पण तिच्यावरून एवढं समजा की समोरच्या सेल्समनला तळ माहीत आहे आणि त्या तळाच्या वर ठरावीक मर्यादेपर्यंतच सोडायची त्याला मुभा आहे. त्याखालचा अधिकार गल्ल्यावर बसलेल्या मालकाचा. म्हणून एकेका साडीवर सेल्समनशी झुंजून दम घालवू नका. त्याच्याकडून माल काढून घ्या, निवड पक्की करा आणि आकड्याचं बोलणं गल्ल्यावर, सगळ्या खरेदीचं मिळून करा.

पैठणी असेल तर भावाआधी पदर उलटा करा. हातमागाच्या पैठणीत पदरावरचा मोर, पोपट किंवा कमळ पुढून जितकं स्वच्छ, तितकंच मागून दिसतं. यंत्रमागाच्या मालात मागच्या बाजूला धाग्यांचे लोंबते पट्टे किंवा कापलेली टोकं दिसतात. यंत्रमागाची पैठणी नेसायला वाईट असते असं नाही. पण तिच्यासाठी हातमागाचे पैसे मोजू नका. रेशमाची शंका असेल तर सिल्क मार्कचं, म्हणजे शुद्ध रेशमाच्या खुणेचं, लेबल मागा, आणि नसेल तर पदराच्या गोंड्यातला एक धागा काढून जाळून दाखवायला सांगा. रेशीम केस जळल्यासारखं वास मारतं आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. ताणा (उभा) आणि बाणा (आडवा) दोन्हींतला धागा बघा, एकच रेशमाचा असणं ही नेहमीची लबाडी. हे एकदा समोर केलंत की त्या दुकानात तुम्हाला सांगितले जाणारे भाव आपोआप बदलतात.

बोलणं साधारण असं चालावं:

‘दादा, ही कितीला लावणार?’

‘साडेअठरा हजार, ताई. शेवटचा भाव.’

‘असू दे. अशा दोन घेतोय आणि मानपानाच्या या तीन. सगळ्यांचे किती होतात?’

‘सत्तेचाळीस हजार दोनशे.’

‘बेचाळीसला बंद करा. पाचांचं फॉल-पिको तुमच्याकडून.’

इथे थांबा. गप्प बसणं पुष्कळांना जमत नाही. आकडा सांगितला की लगेच ‘नाहीतर त्रेचाळीस द्या’ असं स्वतःच बोलून टाकतात, म्हणजे हजार रुपये आपणच सोडले. समोरचा ‘नाही जमत, पंचेचाळीस’ म्हणाला की तुम्ही साडेत्रेचाळीसवर या आणि फॉल-पिको सोडू नका. तुम्ही एका पायरीत हजार-दीड हजार चढलात तर पुढची पायरी पाचशेची, त्यापुढची दोनशेची ठेवा. पायऱ्या लहान होत गेल्या की आता इथे तळ आला, हे समोरच्याला न सांगता कळतं. किंमत अडली तर कामं मागा: फॉल-पिको, ब्लाउजची शिलाई, घरपोच पाठवणं. दुकानाला ही कामं तुमच्यापेक्षा स्वस्त पडतात, त्यामुळे पाचशे रुपये सोडायला नकार देणारा मालकही हे पटकन मान्य करतो.

‘लग्नाचं आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगू नका. ते ऐकलं की चढ्या किमतीचा माल पुढे येतो. निवड झाल्यावर, ‘अजून मानपानाच्या दहा घ्यायच्या आहेत, इथलं जमलं तर त्याही इथूनच’ अशा वेळी सांगा. तिथे तेच वाक्य तुमच्या बाजूने काम करतं. सात-आठ जणांनी एकदम जाऊ नका. काकूंनी साडी अंगाला लावून ‘अगदी मनातली मिळाली!’ म्हटलं की पुढच्या घासाघिशीला अर्थ राहत नाही. बघायला सगळ्या, बोलायला एकच. आणि मुंबईतल्या दुकानात मराठीत हळू बोललं तर कळणार नाही, या भ्रमात राहू नका. गुजराती, मारवाडी दुकानदारालाही सगळं कळतं.

मानपानाच्या साड्या सुट्या घेऊच नका. घाऊक बाजारात एकाच डिझाइनच्या चार, सहा किंवा आठ रंगांचा सेट असतो. पूर्ण सेट घेतला तरच घाऊक भाव लागतो. हिंदमाता आणि मुळजी जेठा मार्केटात अशी दुकानं आहेत. तुम्हाला दहाच हव्या असतील तर दुसऱ्या घरच्या लग्नाशी मिळून सोळा घ्या.

वेळेचंही सांगतो. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की दुकानदाराला तुमची गरज उरत नाही. पितृपक्षात नवी खरेदी टाळायची आपल्याकडे रीत आहे, त्यामुळे त्या पंधरवड्यात कापड बाजारात शुकशुकाट असतो. तुमच्या घरी चालत असेल तर बस्त्याला याहून चांगले दिवस नाहीत. नसेल चालत तर निदान त्या दिवसांत फिरून भाव काढून ठेवा आणि घटस्थापनेनंतर घ्या. वारांत शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा. मंगळदास रविवारी बंद असतं, दादरची बरीच जुनी दुकानं सोमवारी. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या गेलात तर बोहनीचं गिऱ्हाईक म्हणून थोडं जास्त सुटतं, पण मग घ्यायचं असेल तरच भाव करा. बोहनीला भाव पाडून न घेता उठणं विकणाऱ्याला फार लागतं, आणि ते बरोबरच आहे. फॅशन स्ट्रीट असो की चोर बाजार, आपण बोललेल्या आकड्याला समोरचा ‘घ्या’ म्हणाला की वस्तू घ्यायची. तिथे मागे फिरलात की भांडण होतं आणि त्यात चूक तुमची असते.

कराचा एक हिशेब फारच थोडे लोक वापरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून शिवलेल्या कपड्यांवर नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी आहे, नग त्याहून महाग असेल तर १८ टक्के. समजा जॅकेटचा भाव कर सोडून २,६०० सांगितला, तर हातात पडतं ३,०६८ ला. तेच २,५०० ला ठरलं तर २,६२५. दुकानदाराने सोडले शंभर, तुमचे वाचले ४४३. अडीच हजाराच्या जरा वर असलेल्या प्रत्येक नगावर हे शंभर मागा. विणलेल्या साडीवर कापड म्हणून ५ टक्केच लागतो, किंमत काहीही असो. तिथे कुणी १८ सांगत असेल तर बिल थांबवा. आणि आकडा मान्य करण्याआधी ‘कर धरून ना?’ हे विचाराच. शेवटच्या क्षणी वर चढणारा कर हा घासाघिशीतला सर्वात मोठा खड्डा आहे.

‘बिल नको असेल तर अजून कमी करतो’ याला हो म्हणू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत न घेणं, हीसुद्धा. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का सदोष मालाला लागू पडत नाही, पण हे म्हणायला हातात बिल हवं. पैसे देताना क्रेडिट कार्डाऐवजी यूपीआय देऊ केलंत तर दुकानाचा कार्डामागचा खर्च वाचतो. साधारण टक्का-दीड टक्का त्याबद्दल मागायला हरकत नाही. यूपीआयसाठी वर पैसे मागणाऱ्याला मात्र काही आधार नाही.

सोन्यात भाव करायची जागा दरात नसते. दर रोजचा, सगळीकडे जवळपास सारखा. जागा आहे घडणावळीत आणि वजनात. हिशेबाला सोपं म्हणून २२ कॅरेटचा दर दहा ग्रॅमला १,००,००० धरू. २० ग्रॅम सोन्याचं मंगळसूत्र म्हणजे सोनं २,००,०००. घडणावळ १४ टक्के असेल तर २८,०००, वर ३ टक्के जीएसटी, एकूण २,३४,८४०. घडणावळ १० टक्क्यांवर आणलीत तर २,२६,६००. म्हणजे ८,२४० रुपये. पण याहून मोठी गोष्ट काळ्या मण्यांची. मण्यांसकट वजन करून सगळं सोन्याच्या दराने लावलं आणि मणी २ ग्रॅम भरले, तर २०,००० रुपये काचेला दिले. बिलावर ढोबळ वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगवेगळं लिहून घ्या. खडे, मीना, लाख यांनाही हेच. ‘घडणावळ शून्य’ असा फलक दिसला तर त्या दिवशीचा दर आणि जुनं सोनं घेताना कापली जाणारी घट विचारा. सोडलेलं तिथे वसूल होत असतं. दागिन्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, २२ कॅरेटसाठी २२के९१६ आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळखक्रमांक, असतो. तो बीआयएस केअर ॲपवर टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. हार घेताय आणि ॲप ‘अंगठी’ दाखवतंय, तर उठा.

लग्नघरात मासळी-भाजीही घाऊक लागते, म्हणून एवढंच: कोळणीकडे भाव पाडण्यापेक्षा वाटा वाढवून घेणं सोपं. ‘मावशी, भाव तुमचा, पण वर चार टाका’ याला सहसा नाही म्हणत नाहीत, आणि साफ करून देणं त्यातच धरून घ्या. बुधवार, शुक्रवार, रविवार मासळी महाग. सोमवारी, गुरुवारी तीच उतरते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची समुद्रातली मासेमारी बंद असते, तेव्हा पापलेटचा भाव करत बसू नका, तो बर्फातला माल असतो. टोपलीत दहा जुड्या घेऊन बसलेल्या बाईकडे पाच रुपयांसाठी अडून राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे सोडायला काही नसतंच.

परदेशातही नियम तोच: सूट कुठे आहे ते बघा. फक्त तिथे तुमच्याकडे दुसऱ्या दुकानाचा भाव नसतो, तो पहिल्या दिवशी मिळवावा लागतो. पहिला दिवस फक्त विचारण्यासाठी ठेवा. रुपयांत हिशेब करत बोलू नका, ‘आपल्याकडे हे केवढ्याला मिळतं’ हा आकडा घरून लिहून न्या आणि बोलणं तिथल्या चलनात करा. टॅक्सीवाला, टुकटुकवाला किंवा गाइड ज्या दुकानात नेईल तिथे त्याचं कमिशन किमतीत धरलेलं असतं. ते घासाघिशीने निघत नाही. बँकॉकमध्ये ‘आज देऊळ बंद आहे, चला रत्नांच्या दुकानात’ म्हणणारा टुकटुकवाला भेटलाच, तर उतरून चालायला लागा.

बँकॉकला चतुचाक बाजार भरतो तो शनिवार-रविवारी. तिथे पहिला आकडा फार फुगवलेला नसतो, दहा-वीस टक्के सुटले तर चांगलं. हसतमुखाने ‘लोत दाइ माइ?’ म्हणजे ‘कमी होईल का?’ विचारा, पुरुषांनी शेवटी ‘ख्रप’, बायकांनी ‘खा’ जोडावं. आवाज चढवला की तिथे व्यवहार संपतो. आपल्याकडचा लटका राग तिथे अपमान धरला जातो. प्रातुनामच्या प्लॅटिनम मॉलमध्ये कपड्यांना बऱ्याच दुकानांत तीन नगांपासून घाऊक भाव लागतो आणि रंग वेगवेगळे चालतात, तेव्हा तिथे नग वाढवणं हाच भाव करणं. सोनं बघणार असाल तर बाट हे चलनही आहे आणि सोन्याचं वजनही: दागिन्यांचा एक बाट म्हणजे १५.१६ ग्रॅम, शुद्धता ९६.५ टक्के. आपल्या दहा ग्रॅमच्या दराशी थेट ताडू नका. मोठी बुद्धमूर्ती देशाबाहेर न्यायला तिथल्या ललितकला विभागाचा परवाना लागतो. विकणारा ‘काही लागत नाही’ म्हणाला तरी विमानतळावर अडवतील ते तुम्हाला.

इस्तंबूलचा कापालीचार्शी, म्हणजे ग्रँड बाजार, रविवारी बंद असतो. आपली मुंबईची सवय इथे सर्वात कामाला येते. चहा देतील, तो घ्या. चहा प्यायल्याने काही विकत घ्यायचं बंधन येत नाही. दिवसाच्या पहिल्या विक्रीला ते ‘सिफ्ताह’ म्हणतात, म्हणजे आपली बोहनीच, आणि तिचं महत्त्व तितकंच. बोलणं लांबलं की ‘एन सोन ने ओलुर?’ विचारा: शेवटी काय होईल? गालिचा असेल तर आपल्या पैठणीसारखाच उलटा करून बघा. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची नक्षी मागेही स्पष्ट असते आणि गोंडे त्याच्याच ताण्याचे असतात, शिवून लावलेले नसतात. दुकानदार ‘घरी पाठवतो’ म्हणाला तर गालिच्याच्या मागे कोपऱ्यात सही करून तिचा फोटो काढा, नाहीतर दुसराच येऊ शकतो. घडी करून सोबत आणता आला तर सर्वात बरं. मसाल्यांच्या मिसिर चार्शीत ‘तुर्की केशर’ म्हणून स्वस्तात मिळतं ती बहुतेकदा करडईची पाकळी असते. केशराचा तंतू तुतारीसारखा एका टोकाला रुंद होत जातो, करडईची पाकळी तशी नसते. त्यात भाव करून पैसे वाचत नाहीत. जुनी नाणी, मूर्तींचे तुकडे कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. ते तुर्कस्तानाबाहेर नेणं गुन्हा आहे.

जाताना दुबईत उतरणार असाल तर देइराच्या सोन्याच्या बाजारात दर फलकावर असतो, घडणावळीवरच बोला. जपानमध्ये आणि युरोपातल्या दुकानांत भाव करू नका, फक्त जुन्या बाजारात हळूच विचारून बघता येतं.

कार्ड देताना मशीनवर रुपये की स्थानिक चलन असं विचारलं तर स्थानिक चलन निवडा. रुपये निवडले की रूपांतराचा दर दुकानाच्या बाजूची बँक लावते आणि तासभर घासून कमी केलेले तीन-चार टक्के एका बोटाने परत जातात. थायलंडमध्ये एकाच दुकानात एका दिवशी किमान २,००० बाटची खरेदी झाली आणि दारावर पर्यटकांच्या व्हॅट परताव्याचं चिन्ह असलं, तर पासपोर्ट दाखवून पीपी१० हा फॉर्म दुकानातच भरून घ्या. सुवर्णभूमी विमानतळावर बॅग चेक-इन करण्याआधी सीमाशुल्क काउंटरवर विचारायचं आणि त्यावर शिक्का लागत असेल तर मारून घ्यायचा. बॅग एकदा पट्ट्यावर गेली की माल दाखवता येत नाही. पैसे मिळतात ते इमिग्रेशन ओलांडल्यावरच्या काउंटरवर.